क्रमांक ४४०७० : एका नोंदणी-कारकुनाचं पलायन आणि पुढची ६२ वर्षं

आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीतून पळालेल्यांच्या गोष्टींत आपलं लक्ष आधी कुंपणाकडे जातं. विजेच्या तारा, कुत्रे, पहाऱ्याचे मनोरे. रुडॉल्फ व्हर्बाच्या प्रकरणात हे सगळं आहेच, पण मला त्यात कुंपणापेक्षा वही महत्त्वाची वाटते. हा १९ वर्षांचा मुलगा छावणीत नोंदी ठेवायचा, आणि ज्या नोंदी ठेवणं जिवावर बेतलं असतं त्या डोक्यात साठवायचा. तो तगला कसा, निसटला कसा, त्याचं म्हणणं मानलं का गेलं आणि कुठे मानलं गेलं नाही, हे या सवयीच्या आधारानं बघितलं तर बरंच उलगडतं. सगळं मात्र नाही.

शाळेतून नाव कमी

त्याचं जन्मनाव वॉल्टर रोझेनबर्ग. जन्म ११ सप्टेंबर १९२४, चेकोस्लोव्हाकियातलं टोपोल्चानी. वडिलांची वाफेवर चालणारी लाकूड कापायची गिरणी होती. १९३९ मध्ये स्लोव्हाकिया वेगळा झाला. नावाला स्वतंत्र, पण कारभार हिटलरच्या कलानं. राष्ट्राध्यक्ष योझेफ टिसो हा कॅथलिक धर्मगुरू होता. ज्यूंवर एकेक बंदी येत गेली आणि पंधराव्या वर्षी वॉल्टरचं नाव ब्रातिस्लाव्हाच्या शाळेतून कमी झालं. त्यानंतर त्रनावा गावात मजुरी, आणि उरल्या वेळात भाषा शिकणं. स्लोव्हाक, चेक, जर्मन, हंगेरियन, रशियन. पुढे यातल्या काहींनी त्याचा जीव वाचवला.

मार्च १९४२ पासून स्लोव्हाक सरकारनं आपले ज्यू नागरिक जर्मनांच्या हवाली करायला सुरुवात केली. ऑक्टोबरपर्यंत सुमारे ५८,००० माणसं गेली. त्यासाठी स्लोव्हाकियानं जर्मनीकडून पैसे घेतले नाहीत, उलट दिले. माणशी ५०० राइशमार्क, 'पुनर्वसना'चा खर्च म्हणून.

सतरा वर्षांच्या वॉल्टरनं ठरवलं की हंगेरीमार्गे इंग्लंड गाठायचं. ज्यूंना सक्तीनं लावावा लागणारा कोटावरचा पिवळा तारा उपटून तो निघाला. हंगेरीच्या सरहद्दीवर पकडला गेला, नोव्हाकीच्या छावणीत टाकला गेला, तिथून पळाला आणि पुन्हा सापडला. त्यानं नंतर सांगितल्याप्रमाणे, पायात मोज्यांचे दोन जोड दिसले आणि पोलिसाला संशय आला. हा प्रसंग मी मुद्दाम नोंदवतो. पुढे त्यानं जी आखणी केली, ती आधी फसलेल्या माणसाची होती.

१४ जून १९४२ रोजी त्याला पोलंडमधल्या मायदानेकच्या छावणीत पाठवलं. तिथे थोरला भाऊ लांबून एकदा दिसला. तेवढंच. 'शेतकामासाठी माणसं हवीत' अशी हाक आली तेव्हा तो आपणहून पुढे झाला आणि ३० जूनला आउश्वित्झला पोहोचला. हातावर ४४०७० हा आकडा गोंदला गेला.

छपराखालचं काम

आउश्वित्झमध्ये तगण्याचं कारण म्हणून इच्छाशक्तीचं नाव घेणं सोपं आहे. या प्रकरणात तरी मला ते पटत नाही. इच्छाशक्ती असलेली हजारो माणसं दोन-तीन महिन्यांत संपली. व्हर्बा वाचला त्यात तीन गोष्टींचा वाटा मोठा. तो तरुण होता, त्याला जर्मन येत होतं, आणि त्याला अन्नाजवळचं काम मिळालं. ऑगस्ट १९४२ पासून तो 'कॅनडा' नावाच्या तुकडीत होता. गाड्यांतून आणलेल्या माणसांचं सामान उतरवणं, उघडणं, वर्गवारी करणं हे तिचं काम. कैद्यांच्या लेखी कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश, म्हणून हे नाव. तिथे पाव, सॉसेज, साबण, बूट हाताला लागायचं. तरीही त्याला टायफस झालाच. त्यातून तो निभावला ते छावणीतल्या छुप्या प्रतिकार गटाच्या मदतीनं.

जवळजवळ दहा महिने तो फलाटावर होता. गाड्या पुष्कळदा रात्री यायच्या. डबे उघडायचे, माणसांची विभागणी व्हायची. म्हातारी माणसं, मुलं आणि मुलांच्या आया ट्रकवर चढायच्या, त्यांना थेट मारायला नेलं जायचं, आणि कामाला चालतील असे थोडेच छावणीत जायचे. त्यानं डबे मोजायला सुरुवात केली. गाडी कुठून आली, अंदाजे किती माणसं होती, किती छावणीत गेली. लिहून ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो पाठांतर करायचा आणि नवी भर पडली की आधीचं सगळं पुन्हा म्हणून घ्यायचा.

सामान उघडताना त्याच्या लक्षात आलेली गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे. लोकांनी उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे दोन्ही कपडे आणलेले असायचे. भांडीकुंडी, मुलांची वह्या-पुस्तकं. म्हणजे पुनर्वसनाच्या थापेवर त्यांचा खरोखर विश्वास होता. तिथून त्यानं निष्कर्ष काढला की हा कारखाना गुपितावर चालतो. उतरणाऱ्यांना जर माहीत असेल की पुढे काय आहे, तर ते निमूट रांगेत उभे राहणार नाहीत. फलाटावर नुसता गोंधळ माजला तरी यंत्र अडखळेल. पळायचं ते यासाठी, असं तो आयुष्यभर सांगत राहिला.

जून १९४३ मध्ये तो आउश्वित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊच्या विलगीकरण विभागात नोंदणी-कारकून झाला. आता बऱ्यापैकी अन्न होतं, हिंडायची थोडी मोकळीक होती, आणि नवीन कैद्यांना मिळणाऱ्या क्रमांकांच्या मालिका डोळ्यांसमोरून जात होत्या. कोणत्या गाडीतल्या किती जणांना क्रमांक मिळाला हे कळलं की बाकीच्यांचं काय झालं हेही कळतं. स्मशानभट्ट्यांवर राबणाऱ्या कैद्यांच्या तुकडीतला फिलिप म्युलर त्याच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून आतली माहिती यायची.

तीन दिवसांचा नियम

१९४४ च्या सुरुवातीला बिर्केनाऊच्या आत, थेट स्मशानभट्ट्यांपर्यंत जाणारा नवा लोहमार्ग टाकला जाऊ लागला. मोठा 'माल' येणार हे उघड होतं, आणि युरोपात अजून हात न लागलेला मोठा ज्यू समाज हंगेरीत होता.

छावणीला दोन कडी होती. आतलं कडं विजेच्या तारांचं, तिथे कैदी रात्री असायचे. बाहेरचं कडं पहारेकऱ्यांच्या साखळीचं, ते फक्त दिवसा, कैदी कामावर असताना. संध्याकाळी मोजदाद जुळली की बाहेरचा पहारा उठायचा. जुळली नाही तर तो तीन दिवस आणि तीन रात्री तसाच राहायचा आणि दोन कड्यांमधला इंच न् इंच धुंडाळला जायचा. तेवढ्यात माणूस सापडला नाही, तर तो बाहेर निसटला असं धरून पहारा उठवायचे. या नियमातच फट होती. बाहेर जायची घाई करायचीच नाही. दोन कड्यांच्या मध्ये तीन दिवस दडून राहायचं आणि शोध थांबला की चालू लागायचं.

कल्पना व्हर्बाची एकट्याची नव्हती. बांधकामासाठी रचलेल्या लाकडांच्या ढिगात कैद्यांनी पोकळी तयार करून ठेवली होती. त्याच जागेतून आधी काही जण निसटले होते. ते पुढे पकडले गेले, मारहाण झाली, पण त्यांनी जागा सांगितली नाही. व्हर्बाच्या पलायनात या माणसांचं ऋण मोठं आहे, आणि गोष्ट सांगताना तेच आधी गळून पडतं.

जोडीदार होता आल्फ्रेड वेट्झलर. तोही त्रनावाचा, व्हर्बापेक्षा सहा वर्षांनी मोठा, आणि तोही नोंदणी-कारकून. दोघांना एका रशियन युद्धकैद्यानं शिकवलं होतं की रशियन तंबाखू पेट्रोलमध्ये भिजवून वाळवली आणि भोवती पसरली, तर कुत्र्यांना वास लागत नाही. ७ एप्रिल १९४४ च्या दुपारी दोघं पोकळीत उतरले. त्या संध्याकाळी ज्यूंचा वल्हांडण सण सुरू होत होता. दोन पोलिश कैद्यांनी वरून फळ्या रचल्या. संध्याकाळी भोंगा वाजला.

पुढचे तीन दिवस ते आत पडून राहिले. व्हर्बाच्या सांगण्यानुसार एकदा शोधणाऱ्यांनी त्यांच्याच डोक्यावरच्या फळ्या बाजूला करायला घेतल्या होत्या, पण कुठेतरी आरडाओरडा झाला आणि ते तिकडे धावले. १० एप्रिलच्या रात्री पहारा उठला आणि दोघं बाहेर आले.

पुढे सुमारे १३० किलोमीटरची चाल होती, सोवा नदीच्या कडेनं दक्षिणेला. पुणे-मुंबईपेक्षा थोडं कमीच, पण रात्री, नकाशाशिवाय, कैद्याच्या अंगकाठीनं आणि गोळी घालायला मोकळे असलेल्या गस्तीच्या मुलखातून. लहान मुलांच्या नकाशावहीतलं एक पान व्हर्बानं पाठ करून ठेवलं होतं. बिएल्स्कोजवळ ते वाट चुकले. पुढे एका गस्तीनं गोळीबार केला. एका पोलिश शेतकरी बाईनं जेवू घातलं, दुसऱ्या एकानं सरहद्दीपर्यंत सोबत केली. व्हर्बाचे पाय इतके सुजले की बूट कापून काढावे लागले. २१ एप्रिलला दोघं स्लोव्हाकियात शिरले.

दोन खोल्या

झिलिना गावात ज्यू मंडळाची माणसं त्यांना भेटली, तो या प्रकरणातला मला सर्वांत शिकण्याजोगा भाग वाटतो. समोर दोन थकलेले तरुण होते आणि ते सांगत होते ते कोणाच्याही कल्पनेपलीकडचं. मंडळानं दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि स्वतंत्रपणे जबान्या घेतल्या. मंडळाकडे १९४२ मध्ये स्लोव्हाकियातून गेलेल्या गाड्यांच्या तारखा आणि माणसांच्या याद्या होत्या. दोघं सांगत होते ते या याद्यांशी ताडून पाहिलं आणि ते जुळलं.

मंडळाच्या ओस्कार क्रास्न्यान्स्की यानं सगळं एकत्र केलं आणि एप्रिल संपायच्या आत तीसेक पानांचा अहवाल तयार झाला. त्यात छावणीचा आराखडा होता, स्मशानभट्ट्यांची रचना होती, आणि कुठून आलेल्या गाडीतल्या किती जणांना कोणते क्रमांक मिळाले याच्या रांगाच्या रांगा होत्या. वाचायला तो रुक्ष आहे. त्याची ताकद त्यातच आहे. आक्रोश असता तर तो बाजूला ठेवणं सोपं गेलं असतं.

अहवालातली एक चूक नोंदवायला हवी. एप्रिल १९४२ ते एप्रिल १९४४ या काळात बिर्केनाऊत सुमारे १७ लाख ६५ हजार ज्यू मारले गेले, असा त्यातला अंदाज होता. आजच्या संशोधनानुसार आउश्वित्झच्या संपूर्ण काळात सुमारे ११ लाख माणसं मेली आणि त्यांत सुमारे १० लाख ज्यू होते. म्हणजे आकडा बराच फुगलेला होता. बाहेरून गाड्या मोजणाऱ्या, पाठांतरावर विसंबलेल्या माणसाकडून हे होणारच. पण व्हर्बानं नंतरही आपला आकडा खाली आणला नाही, उलट वाढवून सांगितला.

पत्र पोहोचलं, बातमी पोहोचली नाही

बुडापेस्टमधले ज्यू नेते रुडॉल्फ कास्टनर यांच्या हाती अहवाल एप्रिलच्या अखेरीस पडला. हंगेरीतून गाड्या सुटायला लागल्या १५ मे रोजी. ९ जुलैपर्यंत सुमारे ४,३७,००० माणसं गेली आणि त्यांतली बहुसंख्य पोहोचताच मारली गेली. गावोगावी डब्यांत चढणाऱ्यांपर्यंत अहवाल पोहोचलाच नव्हता. कास्टनर तेव्हा ज्यूंच्या हद्दपारीची सूत्रं हलवणारा नाझी अधिकारी आइकमान याच्याशी वाटाघाटी करत होते. त्या वाटाघाटींतून १,६८४ जणांची एक गाडी सुटली आणि त्यातली बहुतेक माणसं वाचली.

अहवालाला खरी वाट फुटली ती जूनमध्ये, स्वित्झर्लंडमध्ये. एल साल्वादोरच्या वकिलातीत काम करणारे जॉर्ज मँटेलो यांनी तो मिळवला आणि स्विस वृत्तपत्रांपर्यंत नेला. तिथे शेकडो लेख आले. पाठोपाठ पोप, रूझवेल्ट आणि स्वीडनचे राजे यांचे निरोप हंगेरीचे प्रमुख होर्ती यांच्याकडे गेले. ७ जुलैला होर्तींनी गाड्या थांबवण्याचा हुकूम दिला. त्या घडीला बुडापेस्टमध्ये सुमारे दोन लाख ज्यू उरले होते. पुढे ऑक्टोबरमध्ये होर्तींना हटवलं गेलं आणि त्यांतलेही कितीतरी बळी गेले, पण मोठ्या संख्येनं माणसं वाचली ती या अवधीमुळे.

व्हर्बाच्या लेखी हे यश नव्हतं. त्याचा हिशेब चार लाखांवर अडकलेला होता. वेळेत सांगितलं असतं तर लोक रांगेत उभे राहिले नसते, असं तो म्हणत राहिला, आणि कास्टनर व त्यांच्यासारख्या नेत्यांना त्यानं कधी माफ केलं नाही. इस्रायली इतिहासकार येहुदा बाउअर यांचं म्हणणं वेगळं होतं. माहिती कानावर पडणं आणि ती खरी मानून तसं वागणं यांत फार अंतर असतं, आणि त्या वेळच्या हंगेरीत पळायला जागाही नव्हती.

माझा कौल इथे अर्धा-अर्धा आहे. सांगायलाच हवं होतं, याबद्दल मला शंका नाही. निर्णय ज्याच्या जिवाचा, माहितीवर हक्क त्याचा. पण सांगून काय झालं असतं याचं उत्तर व्हर्बाच्याच अनुभवात सापडतं आणि ते त्याच्या सिद्धांताला साथ देत नाही. मार्च १९४४ मध्ये तेरेझिनच्या बंदिस्त ज्यू वस्तीतून आणलेल्या चेक ज्यूंचा 'कुटुंब विभाग' संपवला जाणार हे छावणीतल्या प्रतिकार गटाला आधी कळलं होतं. निरोप पोहोचवणाऱ्यांत व्हर्बा स्वतः होता. उठाव करा, असा निरोप तिथल्या मुलांचे लाडके शिक्षक फ्रेडी हिर्श यांच्यापर्यंत गेला. हिर्श झोपेच्या औषधानं बेशुद्ध पडले आणि गेले. उठाव झाला नाही. ८ मार्चच्या रात्री सुमारे ३,८०० माणसं मारली गेली. स्मशानभट्ट्या दिसतील इतक्या जवळ राहणाऱ्यांचंही असं झालं, तर हंगेरीतल्या खेड्यांत काय झालं असतं?

आणखी एक गुंता आहे. हंगेरीच्या ज्यूंसाठी तयारी चालली आहे हा इशारा अहवालाच्या मजकुरात तसा सापडत नाही. व्हर्बाचं म्हणणं होतं की त्यानं तो सांगितला होता, पण घडून गेलेलं तेवढंच लिहायचं असा क्रास्न्यान्स्कीचा आग्रह होता. तसं असेल, तर ज्या काटेकोरपणामुळे अहवाल विश्वासार्ह ठरला, त्याच काटेकोरपणानं तातडीची गोष्ट बाहेर ठेवली.

नवं नाव

मंडळानं दोघांना खोटी कागदपत्रं करून दिली. वॉल्टर रोझेनबर्ग 'रुडॉल्फ व्हर्बा' झाला, वेट्झलर 'योझेफ लानिक'. युद्धानंतर वेट्झलर पुन्हा वेट्झलर झाला आणि स्लोव्हाकियातच राहिला. व्हर्बानं खोटं नाव कायद्यानं आपलं केलं. जर्मन वळणाचं जुनं नाव त्याला नकोच होतं.

सप्टेंबर १९४४ मध्ये तो स्लोव्हाक छापामारांत सामील झाला, लढला आणि त्याला शौर्यपदकं मिळाली. युद्ध संपलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पंधराव्या वर्षी तुटलेलं शिक्षण त्यानं तिथूनच पुढे उचललं. प्राग इथे रसायनशास्त्र, १९५१ मध्ये डॉक्टरेट, मग मेंदूच्या जीवरसायनशास्त्रात संशोधन. त्रनावातल्या बालमैत्रिणीशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. सात वर्षांत छावणीतून डॉक्टरेटपर्यंत, असं सांगितलं की ऐकायला छान वाटतं. पण ते लग्न टिकलं नाही, आणि चेकोस्लोव्हाकियातली कम्युनिस्ट राजवट १९५२ च्या स्लान्स्की खटल्यापासून, म्हणजे बहुतांशी ज्यू असलेल्या पक्षनेत्यांवर भरलेल्या खटल्यापासून, उघडच ज्यूद्वेष्टी वळण घेत होती.

१९५८ मध्ये तो देश सोडून इस्रायलला गेला आणि तिथल्या वाइझमन संस्थेत काम करू लागला. इस्रायलमध्ये तरी त्याला घर मिळेल असं कोणालाही वाटलं असतं. त्याला वाटलं नाही. ज्यांनी हंगेरीत तोंड बंद ठेवलं असं तो मानायचा, त्यांच्याच वर्तुळातली माणसं तिथे मानाच्या जागांवर होती. दोन वर्षांत तो इंग्लंडला गेला आणि १९६७ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तो औषधशास्त्राचा प्राध्यापक झाला. मेंदू, मधुमेह आणि कर्करोग यांवर त्यानं पन्नासाहून अधिक शोधनिबंध लिहिले. १९७५ मध्ये दुसरं लग्न झालं. १९८२ मध्ये थोरल्या मुलीचा अकाली मृत्यू झाला.

'आयुष्य पुन्हा उभं करणं' या शब्दांत आपण नकळत समजूतदारपणाची अपेक्षा धरतो. माणूस नरकातून आला, म्हणजे आता तो शांत, क्षमाशील, थोडा उदास असावा. व्हर्बा तसा नव्हता. तो तिखट होता, उपरोधानं बोलायचा, चांगले कपडे घालायचा आणि भांडायचा. फ्रेंच चित्रपटकार क्लोद लान्झमान यांनी १९७८ मध्ये कॅमेऱ्यासमोर त्याला विचारलं की हे सांगताना तुम्ही का हसता? त्याचं उत्तर, मग काय, रडू? राग सोडल्याशिवाय माणूस सावरत नाही असं हल्ली फार ऐकू येतं. हा गृहस्थ राग न सोडता कित्येक दशकं प्रयोगशाळेत आणि वर्गात नेमानं काम करत राहिला.

साक्ष देण्याचं कामही त्यानं सोडलं नाही. आइकमान खटल्यासाठी लेखी प्रतिज्ञापत्र दिलं आणि १९६४ मध्ये फ्रँकफर्टच्या आउश्वित्झ खटल्यात तो उभा राहिला. १९८५ मध्ये टोरोंटोत नरसंहार झालाच नाही असं छापणाऱ्या एर्न्स्ट त्सुंडेलवर खटला चालला, तेव्हा बचावाच्या वकिलानं व्हर्बाचं १९६३ मधलं, एका पत्रकाराच्या मदतीनं लिहिलेलं आत्मकथन हातात घेऊन त्याला घेरलं. अमुक संवाद तुम्ही स्वतः ऐकला का? अमुक दृश्य डोळ्यांनी पाहिलं का? पुस्तकात लेखकाचं स्वातंत्र्य घेतलं आहे, ते न्यायालयासाठी केलेला दस्तऐवज नाही, हे त्याला कबूल करावं लागलं. नाकारणाऱ्यांनी ते वाक्य पुढे भरपूर वापरलं. १९४४ च्या रुक्ष अहवालावर मात्र असा हात टाकणं कोणाला तितकंसं जमलेलं नाही. आकडा फुगलेला असूनही गाड्यांच्या क्रमानं आणि छावणी-क्रमांकांच्या मालिकांनी तो पुढे कागदपत्रांशी मोठ्या प्रमाणात जुळत गेला.

इस्रायलमध्ये कित्येक वर्षं या अहवालाचा उल्लेख 'दोन तरुण स्लोव्हाक ज्यूं'चा अहवाल असा, नावांविना होत असे. हैफा विद्यापीठातल्या रूथ लिन यांनी त्यावर बोट ठेवलं. त्यांच्या प्रयत्नांनी १९९८ मध्ये व्हर्बाचं आत्मकथन हिब्रूत आलं आणि त्याच वर्षी विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली. तो तिथे गेला, पदवी घेतली, आणि कास्टनरबद्दलच्या मतात तसूभरही बदल न करता परत आला. २७ मार्च २००६ रोजी व्हँकुव्हरला कर्करोगानं त्याचं निधन झालं. बाउअर आणि त्याच्यातला वाद तेव्हाही मिटलेला नव्हता. इतिहासकार तो अजून घालतात.